तळघरातली आई

प्रिय दादा,

तुझा सिनेमा मी आणि आईनं पाहिला. तुझे बँडवाले मित्र जिथं वाजवतात, त्याच तळघरात, स्पीकरच्या खोक्यांवर बसून.

आईचं काम तूच केलंयस, हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं. भलामोठा विग, गालांवर ओघळलेलं काजळ, आणि घर सोडणाऱ्या मुलाचे पाय धरून फोडलेला तो टाहो, "जाऊ नकोस रे माझ्या राजा!" पोरांना संवाद तोंडपाठ होते. अख्खं तळघर तुझ्याबरोबर ओरडलं आणि हसून हसून लोळलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जन्मदात्या आईचं असं हसं करतात का रे?

मी तिला उठवायला गेले, तर म्हणाली, "बस गं. संपू दे."

घरी आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीत बसली. "तो गेला तेव्हा मी रडलेच नव्हते," ती म्हणाली. "तुझे बाबा ओरडत होते आणि मी मुकाट्यानं त्याच्यामागे दाराला आतून कडी लावली. माझं राहिलेलं रडणं त्यानं रडून दाखवलं. ही माफी म्हणायची की शिक्षा?"

तुलाच विचारावं म्हणून लिहायला बसले. पण शनिवारच्या खेळाला तू येणार आहेस म्हणे, आणि आईही एकटीच निघालीय. मी तिला अडवणार नाही, आणि हे पत्र टाकून तुला सावधही करणार नाही. तिला समोर बघून तुझ्या तोंडून जे निघेल, तेच खरं.

तुझी,
छोटी