कासवाचं घर आणि आमचे साडू

३ मार्च, सोमवार
खालच्या मजल्यावरची नर्स बदली होऊन गेली. जाताना आमच्या लेकीला कासव देऊन गेली. बिस्किटाएवढं, प्लॅस्टिकच्या डब्यात. लेक नऊ वर्षांची. आनंदात जेवायचीसुद्धा विसरली. म्हणाली, बाबा, याला चांगलं घर हवं. मी म्हटलं, घर मी देतो. अठरा वर्षं टाइल्सच्या शोरूममध्ये काढली आहेत. लोकांची आख्खी बाथरूमं बसल्या जागी ठरवून देतो, तिथे कासवाचं काय घेऊन बसलात?
बायको म्हणाली, ताईच्या मिस्टरांना एकदा विचारून घ्या.
म्हणजे आमचे साडू. शाळेच्या लॅबमध्ये असिस्टंट आहेत. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमचा मिक्सर दहा मिनिटांत चालू केला. (मोटर जळाली असं मी जाहीर केलं होतं. वायर सुटली होती.) तेव्हापासून या घरात साडूंना विचारल्याशिवाय पान हलत नाही. मला त्यांचा हेवा वगैरे वाटत नाही. नोंद असलेली बरी, इतकंच.

५ मार्च
प्लॅन तयार. टाकी अडीच फूट बाय दीड फूट. आतून पांढऱ्या ग्लॉसी टाइल्स, वर निळी बॉर्डर. मालकांनी डिस्प्लेतले बंद झालेले पीस फुकट दिले. आठवड्यात काम फत्ते. साडूंना थेट उद्घाटनालाच बोलवायचं.

९ मार्च, रविवार
साडू आले. मी बोलावलं नव्हतं. बायकोने फोन केला असणार. दहा मिनिटं डब्यापुढे उकिडवे बसून नुसते बघत राहिले. लेकही शेजारी तशीच बसली. मग म्हणाले, याला पाण्याबाहेर चढून बसायला जागा लागेल, आणि ऊन.
मी म्हटलं, ते प्लॅनमध्ये आहेच.
(नव्हतं. आता आहे.)

१४ मार्च
टाकी पूर्ण. देखणी! बसायच्या जागेला उतार दिला आणि उताराला शोरूममधली सगळ्यात भारी टाइल लावली. आरशासारखी. गिऱ्हाईक त्यात केस नीट करतात.
कासव चढलं. घसरलं. परत चढलं, परत घसरलं. लेकीने मोजलं, तेरा वेळा. मी म्हटलं, खेळतंय बघ कसं. ती म्हणाली, बाबा, ते खेळत नाहीये. ते दमलंय.
मुलांना फिनिशिंगमधलं कळत नाही.

१५ मार्च
लेकीने आपण होऊन साडूंना फोन लावला. मी स्वयंपाकघरात पाणी प्यायला उभा होतो. तीन ग्लास प्यालो. बोलणं अठरा मिनिटं चाललं. मी बाहेरगावी असतो तेव्हा माझ्याशी चाळीस सेकंद बोलते, त्यातले दहा ‘आईला देते’ म्हणण्यात जातात.
संकल्प: उद्यापासून साडूंचा विचार बंद.

१६ मार्च
कासव जेवत नाही. साडूंनी नजर लावली असेल. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण साडूंच्या बाबतीत अपवाद करायला हरकत नाही.

१९ मार्च
सकाळी सात. टाकी गळाली. नर्सच्या जागी आलेला टेलर ओला कोट घेऊन वर आला. कोट दुसऱ्याचा, उद्या द्यायचा होता. मी सांगितलं, बिल्डिंगला सीपेज आहे. तो माझ्या पायाखालच्या पाण्याकडे बघत राहिला. बायकोने इस्त्री करून देते म्हटलं तेव्हा कुठे गेला.
नंतर बायको म्हणाली, टाकी नीट होईपर्यंत कासव ताईकडे राहील. लेक त्याला डब्यात घालून, मांडीवर धरून रिक्षाने घेऊन गेली. रडली नाही. याचंच जास्त वाईट वाटलं.
संध्याकाळी बातमी आली: तिकडे पोचल्या पोचल्या जेवलं. आमच्याकडे चार दिवस कडकडीत उपास आणि तिकडे तासाभरात ताव. फितूर!

२३ मार्च, रविवार
साडूंकडे पाहणी केली. घर म्हणजे काय, तर कपडे भिजवायचा निळा टब. त्यात एक वीट. साधी, खरखरीत, प्लॅस्टरसुद्धा नाही. वरून कासवांसाठी मिळतो तो दिवा. डिझाइनच्या नावाने शंख. कासव विटेवर बसलेलं होतं. घसरत नव्हतं.
शेजारी वही. लेक त्यात रोज लिहिते, किती खाल्लं, किती वेळ बसलं. साडूंनी तिला मोजपट्टी धरायला शिकवलंय म्हणे. मोजमापं घेऊन माझी हयात गेली! मला कोणी विचारलं नाही. वहीवर मात्र आमच्या शोरूमचं नाव छापलेलं आहे. मी चारदा वाचून दाखवलं.

३० मार्च
लेक शाळेतून परस्पर तिकडे जाते. वीस मिनिटं चालत. मी कोपऱ्यावरून पेपर आण म्हटलं की हिचे पाय दुखतात. बायको म्हणते, तुम्हीही जात जा तिच्याबरोबर. मी कशाला जाऊ? मला काम आहे. नवी टाकी. मॅट, न घसरणाऱ्या टाइल्स, सांधे बंद करायला एपॉक्सी, दिवासुद्धा आणला, साडूंच्यापेक्षा मोठा. पुढच्या रविवारी कासव घरी. कासव आलं की लेकही येईल.

६ एप्रिल, रविवार
टाकी तीन दिवस भरून ठेवली. थेंब गळला नाही. बादली घेऊन निघालो. वाटेत वाक्य पाठ केलं: साडूभाऊ, तुम्ही सांभाळलंत, आभारी आहे, आता आमचं आम्ही बघतो.
साडूंकडे पोचून टबात पाहिलं तर कासव विटेवर मान लांब करून, मागचे दोन्ही पाय ताणून पडलेलं. मला वाटलं, गेलं. ओरडलोच. लेक म्हणाली, हळू बाबा, बरं वाटत असलं की ते असं पडतं.
आमच्याकडे सोळा दिवसांत त्याने एकदाही पाय पसरले नाहीत. लेक फरशीवर पालथी पडून बघत होती, तिचेही पाय तसेच पसरलेले. माझ्याशेजारी ती अशी कधी पडली होती, आठवेना.
साडू म्हणाले, न्या ना, तुमचंच आहे. आणि खरंच त्याला उचलायला उठले. लेक माझ्या बादलीकडे बघत राहिली.
वाक्य पाठ होतं. तोंडातून निघालं ते वेगळंच: राहू दे इथे. इथे बरं आहे ते.
साडूंचा हेवा वाटतो. पहिल्यापासून वाटतो. आज कासवाचासुद्धा वाटला.
परत येताना लेकीने रिकामी बादली स्वतःकडे घेतली आणि दुसऱ्या हाताने माझं बोट धरलं. म्हणाली, बाबा, तू खूप छान केलंस.
पाच आठवड्यांत माझ्या कामाला मिळालेली ही पहिली शाबासकी. केलं काय, तर काहीच केलं नाही.