डावीकडचा तिसरा खण

३ एप्रिल, सकाळी ९
लॉकडाऊनमध्ये दुकान चालवायची परवानगी आली. ऑर्डर फोनवर घ्यायची, पिशवी अर्ध्या शटरखालून सरकवायची. गिऱ्हाईक आत नाही. एका परीने बरंच झालं. लोकर, बटणं, चेन, इलॅस्टिक यांच्या दुकानात माणसाचं काम दोन मिनिटांचं असतं, बाकी सगळ्या गप्पा. वीस वर्षं मी हेच सांगत आले. काउंटरवर किल्लीचा टाइमर ठेवला होता. एका गिऱ्हाइकाला दोन मिनिटं. पण काउंटरवरच्या काकू टाइमर वाजला की त्याच्यावर हात ठेवायच्या आणि पुढे बोलत राहायच्या.

आता काकू नाहीत. काळजीपोटी मीच त्यांना घरी बसवलं. वय अठ्ठावन्न, जपायला हवं. माझं चौसष्ट, पण मी मालक आहे. पगार चालू ठेवला आहे, तेव्हा मनाला लावून घेण्यासारखं काही नाही.

संकल्प: रोज लिहिणे. दुकानाचं ब्रँडिंग. उद्या काकूंना फोन.

५ एप्रिल
फोन केला नाही. काल हिशोबात डोकं होतं, आज रविवार. रविवारी कोणाला त्रास देऊ नये.

७ एप्रिल, संध्याकाळ
नऊ फोन. बटण ही वस्तू फोनवर विकता येत नाही, असा प्राथमिक निष्कर्ष. एक बाई म्हणाली, अहो ते नाही का, मळकट निळं, जरा उदास दिसणारं. उदास बटण कुठल्या डब्यात असतं ते मला माहीत नाही. काकूंनी डोळे मिटून काढून दिलं असतं. मी राखाडी पाठवलं. परत आलं.

मास्तरांचाही फोन आला. शाळेतून निवृत्त झालेले गृहस्थ, एकटे राहतात. दर मंगळवारी एक पांढरं बटण नेतात. एकच. आधी विचारलं, काकू कशा आहेत. म्हटलं, ठीक. (असणारच.) मग म्हणाले, एक बटण हवं होतं. मी स्पष्टच विचारलं, इतकी वर्षं दर आठवड्याला बटण नेताय, एवढे शर्ट तरी आहेत का तुमच्याकडे? मग, ठेवतो हं, म्हणाले.

एकूण पन्नास सेकंद. अत्यंत कार्यक्षम.

टाइमर शोधला. सापडला नाही. काकूंचं सामान मीच पिशवीत भरून पाठवलं होतं, त्यात गेला नसावा. त्यांनी नेला असेल असं मी म्हणत नाही. मनात आलं, एवढंच.

९ एप्रिल
पुतणीशी व्हिडिओ कॉल. ती मोठमोठ्या कंपन्यांची ब्रँडिंगची कामं करते. म्हणाली, आत्या, तुझ्या दुकानाला चेहरा नाही. मी म्हटलं, दुकानाला शटर असतं. म्हणाली, लोकांना वस्तू नको असते, नातं हवं असतं. मी म्हटलं, आम्ही अर्थशास्त्रात असं काही शिकलो नाही, आणि मी वर्गात दुसरी आले होते. म्हणाली, हो, गेल्या वेळी सांगितलंस.

ठरलं: प्रत्येक पिशवीवर गोल स्टिकर. मध्ये मालकाचा हसरा चेहरा, खाली ‘आम्ही आहोत ना’.

कॉल संपल्यावर तिचं चित्र पडद्यावर तसंच थांबलं होतं. जांभई देताना. बराच वेळ बंद केलं नाही. नेटवर्क तपासत होते.

१२ एप्रिल
माझे सतरा फोटो काढून पाठवले. पुतणीचं उत्तर: आत्या, हसरा पाठव. कळवलं की हे सतराही हसरेच आहेत. ती म्हणाली, यातल्या कुठल्याही फोटोखाली ‘थुंकू नये’ लिहिलं तर चालेल.

नाइलाजाने जुने फोटो चाळले. दुकानाला दहा वर्षं झाली तेव्हाचा एक सापडला. काकू काउंटरमागे, हातात पिवळ्या लोकरीचा गुंडा, कोणाकडे तरी बघून मनापासून हसतायत. तो पाठवला. पुतणी म्हणाली, हाच! पाचशे स्टिकर छापायला दिले.

काकूंना विचारायला हवं होतं. स्टिकर हातात आले की फोन करून एकदमच सांगेन. अर्धवट माहिती देऊ नये.

१४ एप्रिल
मंगळवार. मास्तरांचा फोन नाही. बरोबर आहे, पटलं असेल त्यांना.

दिवसभरात दोन फोन. एक राँग नंबर. त्या बाईंना गॅसवाला हवा होता. त्यांचा मुलगा परदेशी अडकलाय, गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, कुंडीतल्या मिरच्यांवर कीड पडली आहे. कॉल अठरा मिनिटांचा. टाइमर जागेवर नसला की असं होतं.

शेवटी त्यांनाच गॅसवाला आठवला. मी म्हटलं, कधीही फोन करा. धंद्याच्या दृष्टीने.

१७ एप्रिल, दुपार
गिऱ्हाईक नाही. बटणांचे डबे रंगाप्रमाणे लावायला घेतले. एका डब्याच्या झाकणाच्या आत काकूंच्या अक्षरात चिठ्ठी: ‘खाकी. मास्तर घेत नाहीत, पण दाखवायचे. पाच मिनिटं जातात.’

झाकण लावलं.

ही रोजनिशी कोणी वाचणार नाही, म्हणून नोंद करून ठेवते. काकूंना घरी बसवलं ते मेसेज करून. त्या काउंटरवर होत्या, मी गल्ल्यावर. मध्ये सहा फूट. बोलण्यातून संसर्ग होतो असं तेव्हा सांगत होते, म्हणून टाइप केलं: ‘उद्यापासून येऊ नये. कळावे.’ त्यांचा फोन वाजला. त्यांनी चष्मा लावून वाचलं. मग वर बघितलं असावं. मी बिलं बघत होते. त्यांनीही टाइपच केलं: ‘बरं मॅडम.’ शटरपाशी जरा थांबल्या. बिलं फार होती.

खरं म्हणजे बिलं नव्हती. पॅड कोरं होतं.

उद्या फोन. नक्की.

२१ एप्रिल
ब्रँडिंगला जबरदस्त यश. सकाळपासून एकतीस फोन. आणि गिऱ्हाईक कसं तयार झालंय! उदास बटणं बंद. एकीने सांगितलं, चार भोकांचं तपकिरी, डावीकडचा तिसरा खण, वरून दुसरा डबा. एकाने सांगितलं, हिरवी लोकर माळ्यावर आहे, पण स्टूल डुगडुगतं, सांभाळून चढा. डोळे मिटून हात घातला तरी वस्तू तिथेच. एकही पिशवी परत नाही.

पुतणीला कळवलं, तुझं ते नातं की काय ते लागू पडलं. ती म्हणाली, आत्या, स्टिकर अजून छापखान्यातच आहेत.

म्हणजे निव्वळ विचाराचाच एवढा परिणाम. प्रत्यक्ष स्टिकर आल्यावर काय होईल!

काकूंना फोन राहिला. एकतीस फोन घेतल्यावर घसा राहत नाही.

२४ एप्रिल
स्टिकर आले. पाचशे काकू हसतायत. उजव्या कडेला कोणाचं तरी कोपर आलंय. निरखून पाहिलं, माझं आहे. त्या दिवशी मी टाइमर पुढे सरकवत होते.

पहिले चाळीस चिकटवले. उरलेला गठ्ठा पालथा ठेवला. धूळ बसू नये म्हणून.

२८ एप्रिल
मंगळवार. मास्तर स्वतः शटरबाहेर आले. मास्क, हातमोजे, सहा फुटांवर. एक पांढरं बटण हवं होतं. पिशवीवरचा स्टिकर बघून त्यांचे डोळे हसले. म्हणाले, वा, आज आवाजाबरोबर चेहराही.

मी विचारलं, कुठला आवाज?

तेव्हा कळलं. काकू गेले पंधरा दिवस रोज घरून फोन करतात. मास्तरांना दर मंगळवारी चार वाजता. जुन्या गिऱ्हाइकांची एक वही आहे त्यांच्याकडे, त्रेचाळीस माणसं. जे एकटे आहेत ते आधी. काय जेवलात, औषध घेतलं का, काय विणताय. शेवटी सांगतात, मॅडम दुकानात एकट्याच आहेत, त्यांच्याकडून काहीतरी मागवा. त्यांना डबे सापडत नाहीत, लिहून घ्या, डावीकडचा तिसरा खण.

मी म्हटलं, असं होय.

मास्तर म्हणाले, फक्त दोनच मिनिटं बोलतात हो. मागे काहीतरी टिकटिकत असतं, ते वाजलं की ठेवतात. म्हणतात, दुकानाचा नियम आहे.

त्रेचाळीस माणसं. जे एकटे आहेत ते आधी. मला एकही फोन आलेला नाही.

२९ एप्रिल
काकूंशी बोलायचे मुद्दे लिहून काढले. एक, मेसेजबद्दल माफी. दोन, फोटो न विचारता वापरला त्याबद्दल माफी. तीन, टाइमरबद्दल मनात आलेली गोष्ट (सांगायची की नाही ते ऐनवेळी ठरवणे). चार, दुकानात माणूस ठेवायची परवानगी मिळाली की लगेच कामावर या. मोठ्याने वाचून पाहिलं. एक मिनिट चाळीस सेकंद. बसतं.

३० एप्रिल, गुरुवार, दुपारी ४
फोन केला.

काकू म्हणाल्या, हं मॅडम, बोला. मागे टिकटिक सुरू झाली.

कागद समोर होता. मी म्हटलं, एक बटण सापडत नाहीये.

त्या म्हणाल्या, कुठलं?

मी म्हटलं, पांढरं.

मग त्यांनी विचारलं, जेवलात का? म्हटलं, हो. म्हणाल्या, काय? मला आठवेना. म्हणाल्या, बरं, आता चहाबरोबर तरी काहीतरी खा. स्टूलवर चढू नका. स्टिकरचं मास्तरांनी सांगितलं, ते कोपर तुमचंच ना? मी हो म्हटलं. त्या हसल्या. मी म्हटलं, काकू, तो मेसेज. त्या म्हणाल्या, अहो, यादीत तुमचं नाव घालणार होते. पण म्हटलं, मॅडमना गप्पा आवडत नाहीत.

मी म्हणणार होते की

टाइमर वाजला. त्यांनी त्याच्यावर हात ठेवला नाही. म्हणाल्या, ठेवते हं, अजून सात जण आहेत. तुम्हाला गुरुवारी चारला घातलंय.

माफी राहिली. पुढच्या गुरुवारी, सुरुवातीलाच.

तोपर्यंत एखादं बटण बघून ठेवायला हवं. आयत्या वेळी सुचत नाही.