थोरली आणि धाकटी

३ फेब्रुवारी २००३

दारात दोन मोटारसायकली! एक मुकुंदनं चालवत आणली, दुसरी त्याच्या कारखान्यातल्या बद्रीनाथनं. दोन्ही काळ्या, दोन्ही कोऱ्या. "ओळख, फरक काय?" मुकुंदनं विचारलं. मी सीट पाहिली, दिवा पाहिला, टाकी पाहिली. काही सापडेना.

"पोटात फरक हाय," म्हणाला. एकीत गेली सात वर्षं चाललेलं इंजिन. दुसरीत त्याचंच नवं रूप, अजून बाजारात न गेलेलं. तीन आठवडे दोन्ही आलटून पालटून चालवायच्या आणि फॉर्म भरायचा. चौघा-पाच जणांच्या फॉर्मवर ठरणार, वाळूजच्या कारखान्यात नवं इंजिन सुरू करायचं की नाही. आणि आवाजाच्या रकान्यात मुकुंदचा शब्द शेवटचा. सतरा वर्षं इंजिनाला लांब पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावतो. मुठीतून आतलं सगळं ऐकू येतं म्हणे. कारखान्यात त्याचं नावच 'कान' पडलंय. बद्रीनाथ म्हणाला, "वहिनी, मशीन चुकंल, आमचा कान नाय चुकायचा."

जुनीला मी थोरली म्हटलं, नवीला धाकटी. मुकुंदला लई आवडलं.

(इथं मी मुकुंद लिहिते. तोंडानं एकवीस वर्षांत उखाण्यापुरतंच. एरवी 'अहो'. आईची शिकवण — नवऱ्याचं नाव जिभेवर आणायचं नाही. कागदाला जीभ नसते, बरंय.)

५ फेब्रुवारी

थोरली तीन किका घेते. चोक ओढायचा, मग ती खोकते, खाकरते, आणि एकदाची धडधडायला लागते. माझ्या लिहायच्या खोलीच्या काचा तिच्या सुरात सूर मिसळतात. धाकटी एका किकेत सुरू. आणि मग — काहीच नाही! आधी मला वाटलं बंद पडली.

थोरलीच्या आरशात मागचं सगळं थरथरतं. शेजारच्या जैतुनबीचं घर, पेरूचं झाड, मी. धाकटीच्या आरशात मी अगदी ठाम, कानाजवळच्या पांढऱ्या बटेसकट. मला थोरलीचा आरसा बरा वाटतो!

६ फेब्रुवारी

धाकटीवर गेला. परत आला ते कळलंच नाही. इतकी वर्षं गल्लीच्या तोंडाशी गाडी वळली की मी आधण ठेवते. आज चहा उशिरा.

९ फेब्रुवारी

धाकटीला लांबचा पल्ला दाखवायचा होता. फर्दापूरपर्यंत, मला मागं बसवून. "ओझं पाहिजे," म्हणाला. ओझं! पाठीत एक गुद्दा घातला.

रस्त्याच्या दोन्ही अंगांना ज्वारी. थोरलीवर बाजारापर्यंत गेलं तरी गुडघ्यांना मुंग्या येतात, उतरल्यावरही अंगात गाडी चालूच राहते. धाकटीवर तसं काही नाही, पाटावर बसल्यासारखं. सिल्लोडच्या पुढं त्याच्या डाव्या खांद्यावर हनुवटी ठेवली आणि आठ दिवस पोटात ठेवलेलं सांगून टाकलं — पुण्याहून कादंबरी परत आली. 'फार घरगुती आहे' असं लिहिलंय. चार वर्षांचं काम! सांगता सांगता रडले. बरं झालं, त्याला तोंड दिसत नव्हतं. तो "हं" म्हणाला. थोड्या वेळानं परत "हं." त्या दोन हुंकारांनी केवढं बरं वाटलं!

फर्दापूरला टपरीवर बसलो. बशीत चहा ओतता ओतता मला विचारतो, "त्या प्रकाशकांचं काही आलं का गं?"

मी उठून गाडीपाशी जाऊन उभी राहिले.

परतीला अजिंठ्याचा घाट धाकटीनं धापा न टाकता चढला. मी त्याचा खांदा सोडून मागची कडी धरून बसले.

१० फेब्रुवारी

माझा रुसवा एक रात्र टिकत नाही. सकाळी पाहते तर त्यानं दोन्ही गाड्या पुसल्या होत्या, आणि त्याच फडक्यानं माझ्या चपला! काय बोलणार?

पत्राचं परत सांगितलं. समोरासमोर. माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "घरगुती म्हणजे वाईट का? घरात काय कमी घडतं?"

१३ फेब्रुवारी

धाकटी बोलते!

सकाळी तो तिला गरम करत होता, मी वर टेबलाशी. स्टीलच्या डब्यात एकच फुटाणा राहावा आणि कुणी तो डबा हलवावा, तसं. टिक. टिक-टिक. मग जरा थांबून पुन्हा. थोरलीच्या धडधडीत हे बुडून गेलं असतं. धाकटीचं शांतपणामुळं लपत नाही.

खाली जाऊन त्याला हे फुटाण्यासकट सांगितलं. त्यानं मान तिरकी केली, ऐकलं. "कुठं? काही नाय. तुझ्या डोक्यातली गोष्ट टिकटिकतीय, कालिंदी." हसला. मीही हसले. ज्याला कारखाना 'कान' म्हणतो त्याच्याशी मी वाद घालायचा?

१५ फेब्रुवारी

मुकुंद थोरलीवर गेला होता. जैतुनबीचे मियाँ, हबीबभाई, कुंपणापाशी दात घासत होते. त्यांचं चिकलठाण्याच्या रस्त्याला गॅरेज आहे. मला राहवेना. त्यांना बोलावून धाकटी सुरू करून दाखवली. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

"चेन है भाभी, अंदर की. ढीली पड रही. अभी बच्ची है, दबी आवाज में बोलतीय. दस हजार किलोमीटर होने दो, फिर देखो."

"मग काय होईल?"

"टूटी तो चलती गाडी एकदम बंद. पीछे से ट्रक आया तो?" ट्रक येऊन काय होतं ते हातानंच दाखवलं. मग फाटकाशी थांबले. "मुकुंदभाई को नहीं सुना क्या? उनको तो सबसे पहले सुनना था."

दिवसभर तेच वाक्य डोक्यात.

तेच रात्री

एकेक आठवतंय. टीव्ही मोठा — मला वाटलं, कंटाळलाय. बेल वाजली तरी उठत नाही — वाटलं, आळस. मी लिहिलेलं त्याला वाचून दाखवते तेव्हा तो आधी शेजारी बसायचा, डोळे मिटून. दिवाळीपासून समोर बसतो. डोळे उघडे, माझ्या तोंडावर खिळलेले. मी या वयात लाजले होते! वाटलं, प्रेम वाढलं.

१७ फेब्रुवारी

फॉर्म टेबलावर होता. पेन्सिलीनं भरलाय, नंतर शाईनं गिरवणार. सुरू होणं, ओढ, थरथर, पेट्रोल — सगळीकडं धाकटी पुढं. ते खरंच आहे. फक्त ओढीत लिहिलंय, 'जुनीला सुटताना खालून जोर जास्त, दोघं बसल्यावर कळतं.' म्हणजे ओझं ध्यानात होतं! शेवटी आवाज. थोरली : 'मोठा पण ओळखीचा.' धाकटी : 'आवाज नाही. निर्दोष.'

निर्दोष.

अंगणात पेचकस घेऊन धाकटीपाशी बसला होता. नेहमी मूठ डाव्या कानाला. आज उजव्या. मग पुन्हा डाव्या. मग मूठ नुसती तळहातात धरून बसून राहिला. मी खिडकीतून बाजूला झाले.

सांगायचं कसं? चष्मा लागला तर माणूस हसत सांगतो. पण या माणसाचं कारखान्यात नावच कान आहे. ते काढून घेतलं की मागं काय ठेवायचं? आणि नाही सांगितलं तर — गावोगावच्या पोरी बसतील धाकटीच्या मागं. कुणाच्या तरी खांद्यावर हनुवटी ठेवून.

१८ फेब्रुवारी

नाही सांगितलं.

१९ फेब्रुवारी

आजही नाही. भरल्या वांग्यांची भाजी केली. "काय विशेष?" म्हणाला. भित्री आहे मी.

२० फेब्रुवारी

आज केलं. चांगलं केलं की वाईट, माहीत नाही.

सकाळी तो धाकटीवर बसून तिला गरम करत होता. पाठ माझ्याकडं. मी पायरीवर, चार हातांवर. धाकटी इतकी हळू की कुंपणापलीकडं जैतुनबीच्या खलबत्त्याचा ठोका न् ठोका ऐकू येत होता. म्हटलं, "अहो." नाही. "अहो!" जरा मोठ्यानं. पाठ हलली नाही. शंका उरू नये म्हणून — का कुणास ठाऊक — छातीतून आवाज काढला :

"मुकुंद!"

माझाच आवाज मला परका वाटला. केवढं छान नाव आहे!

जैतुनबीचा खलबत्ता थांबला. कुंपणावरून डोकं वर आलं. "या अल्ला! नाम लिये भाभी तुम? मियाँ का?" गल्लीनं ऐकलं असेल. कॉलेजला निघालेल्या दोन मुली वळून पाहत गेल्या.

एकवीस वर्षांत पहिल्यांदा हाक मारली आणि ज्याला मारली तो तेवढा वळला नाही. तसाच बसून राहिला, दोन्ही हात मुठींवर. मग गिअर टाकून गेला.

थोड्या वेळानं जैतुनबी वाटलेला मसाला वाटीत घालून देऊन गेली. तिलाही कळलं.

संध्याकाळी नेहमीसारखा आला. जेवला. फॉर्म पुढ्यात घेऊन उशिरापर्यंत बसला होता. मी झोपेचं सोंग केलं.

२१ फेब्रुवारी

उठले तर तो गेलेला. थोरलीवर, धाकटी दारातच. टेबलावर फॉर्म. 'आवाज नाही. निर्दोष' खोडून पार पुसलेलं, रकाना कोरा. शेजारी पेन्सिल, आणि कागदाच्या कडेला बारीक अक्षरात मला :

'कालिंदी, धाकटीचा आरसा हालत नाही. काल तुझे ओठ दिसले. वळलो नाही, कारण तोंड दाखवण्यासारखं नव्हतं. डावा गेला, उजव्यात थोडं उरलंय. आज साहेबांना सांगून येतो. टिकटिक कशी आहे ते या रकान्यात तू लिही, फुटाण्याची वगैरे, तुझ्या शब्दांत. आणि आल्यावर उजव्या बाजूला बसून पुन्हा म्हण. उखाण्याबाहेर ते नाव तुझ्या आवाजात कसं वाटतं, मला अजून माहीत नाही.'