माझ्या दाराची तिसरी किल्ली

मी, बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत राहणारी आणि शेजारच्या गाळ्यात कुलपे-किल्ल्यांचे काम करणारी, हे अखेरचे इच्छापत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांचे मत वेगळे आहे, पण मृत्युपत्राला डोके ठीक असले की पुरते, असे वकील म्हणाले. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. याआधीची दोन्ही मृत्युपत्रे मी रद्द करते. त्यांतल्या एकात धाकट्या बहिणीचे नाव घातले होते आणि दुसऱ्यात खोडले होते.

कलम १. आधी हत्यारे. वडिलांनी आम्हा दोघींना किल्ली घडवायला शिकवले आणि जाताना लोखंड घासायच्या कानशींची वाटणी केली. चपट्या मला, गोल आणि तिकोनी धाकटीला. किल्ली पुरी करायला तिन्ही लागतात. सगळे म्हणाले, शेवटी शेवटी म्हाताऱ्याला कळत नव्हते. मला तेव्हाच वास आला होता. समोरासमोर दोन दुकाने, आणि कानस मागायला रोज एकीने दुसरीची पायरी चढायची, हा त्यांचा डाव होता. बाजारात नव्या कानशी मिळतात, हे दोघींनाही ठाऊक आहे. दोघींनीही कधी आणल्या नाहीत.

माझ्या चपट्या कानशी मी धाकटीला देते. दांड्यांवर मी खूण केली आहे, तेव्हा बदलून वाईट ठेवल्या तर मला कळेल. कसे, ते माझे मी बघेन.

कलम २. रक्तदाब मोजायचे यंत्र. डॉक्टरीणबाईंनी ते घ्यायला लावले, कारण माझा आकडा कधी शहाण्यासारखा असे, तर कधी डोंगर चढे. त्या म्हणाल्या, "घरी कोणी येऊन गेलं की मोजा, आणि कोण आलं होतं ते मला सांगा."

माझी खात्री होती की खालचे बेकरीवाले माझा जीव घेणार. त्यांच्या भट्टीच्या धुरावरून आमचा उभा दावा आहे. पण ते तोंडावर शिव्या देऊन गेले तरी आकडा जागचा हलत नसे. चढायचा तो धाकटी येऊन गेल्यावर. आणि तीही नुसती बसून गेली, गोड बोलून गेली, तर जास्तच.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "शत्रूशी कसं वागायचं हे शरीराला माहीत असतं. पण ज्याच्यावर जीवही आहे आणि विश्वासही नाही, तो समोर आला की काय करायचं, मिठी मारायची की पळायचं, हेच त्याला कळत नाही. ते सारखं पहाऱ्यावर राहतं. हृदय त्यात झिजतं. थोडे दिवस बहिणीला येऊ नको म्हणा."

मी तसे म्हणाले नाही. धाकटी आली तेव्हा तिच्याच दंडाला यंत्राचा पट्टा बांधला. तिचा आकडा माझ्याइतकाच वर गेला होता.

"तुझ्याकडे आले की हे असंच होतं, ताई. कानात घुमायला लागतं."

"मग येतेस कशाला?"

"कानस लागते," ती म्हणाली.

यंत्र धाकटीला द्यावे. माझ्यानंतर तिचा आकडा उतरला, तर ते मला कोणी सांगू नये.

कलम ३. दोन खोल्या आणि गाळा. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण वकील म्हणतात, "बाई, जिच्यावर भरवसा नाही, तिला घर देताय?"

दाराला आपोआप बसणारे कुलूप मी स्वतः बसवले आहे. त्याला दोन किल्ल्या. एक माझ्या गळ्यात, एक दारामागच्या खिळ्यावर. तिसरी नाही. आमच्या धंद्यात दुसऱ्याच्या घराची किल्ली गुपचूप करून ठेवणे म्हणजे दरोडाच. वडील म्हणत, असा हात चुलीत घालावा.

तरीही मला संशय होता. धाकटी एकदा माझ्याकडे हात धुवायला गेली ती बराच वेळ आली नाही. नंतर पाहिले, तर साबणाच्या वडीचे एक अंग गुळगुळीत होते. साबणावर किल्लीचा ठसा घ्यायचा आणि मग तो पुसायचा, हे मीही वडिलांकडूनच शिकले आहे. त्याच दिवशी तिने माझी चपटी कानस मागून नेली. मी ती काढून दिली. पुरावा नव्हता, आणि असता तर बोलावेच लागले असते.

मग मी पडले. भर दुपारी, स्वयंपाकघरात, दार बंद. छातीवर कोणीतरी ऐरण ठेवल्यासारखे झाले. हाक मारायला गेले तर आवाजच फुटेना. पुढचे आठवते ते रुग्णालयात. धाकटी उशाशी बसली होती.

मी पहिला प्रश्न विचारला, "आत कशी आलीस?"

"दार उघडं होतं."

"खोटं बोलू नकोस. मी दार कधी उघडं ठेवत नाही."

"मग जगलीस कशी?"

तिने माझ्याच कानशीने माझ्याच दाराची किल्ली घडवली होती. माझा संशय शंभर टक्के खरा होता, आणि तो खरा निघाला म्हणूनच मी हे लिहायला आहे. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता, आणि मी तिचा हात सोडला नाही. परिचारिकेने तेवढ्यात आकडा पाहिला आणि धावत डॉक्टरांना बोलवायला गेली.

तरी दोन्ही खोल्या आणि गाळा धाकटीला द्यावा. तिने तो विकू नये. विकेल असे मला वाटते.

कलम ४. बँकेत जे काही असेल, ते धाकटीच्या मुलीच्या शिक्षणाला. पैसे थेट संस्थेत भरावेत, आईच्या हाती देऊ नयेत. बेकरीवाल्यांशी असलेले भांडण मी कोणाच्याही नावे करत नाही. ते माझ्याबरोबर संपेल.

वरील मजकूर वाचून पाहिला, माझ्या मनासारखा आहे, म्हणून सही करते.

सही: किल्लीवाली

साक्षीदार पहिले: खालचे बेकरीवाले. मुद्दाम बोलावले. या गल्लीत माझ्याबद्दल ज्याचे मत एकच आहे, असा हा एकटा माणूस.
साक्षीदार दुसऱ्या: डॉक्टरीणबाई.

ठिकाण: गाळ्यामागची खोली. दिवस: महिन्याचा पहिला सोमवार, दुकानाची सुट्टी.

साक्षीदार गेल्यावर लिहिलेले. याला कायद्यात किंमत नाही, म्हणूनच इथे लिहिते.

हा कागद मी लोखंडी पेटीत ठेवणार आहे. माझ्या हातचे सर्वांत अवघड कुलूप तिला लावले आहे. किल्ली एकच, ती वकिलांकडे, आणि ते पेटी मी गेल्यावरच उघडतील; तेवढा धीर तुला निघायचा नाही. म्हणजे, धाकटे, तू हे वाचत असशील तेव्हा मी बहुतेक अजून जिवंत आहे.

वाचून झाले असेल तर कागद होता तसा ठेव. कुलपावर ओरखडा दिसला तर मी बोलणार आहे. आणि उद्या ये. डॉक्टरीणबाईंना मी काय ते सांगेन. चपटी कानस टेबलावर काढून ठेवली आहे.