पुरात न गेलेली वही

मी, शरच्चंद्र गोविंद टिपणीस, वय वर्षे एकाहत्तर, निवृत्त मराठीचा प्राध्यापक, राहणार महाड, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, दडपण कुणाचंही नाही. लाज मात्र वाटते आहे. ती कायद्यात बसते का, हे वकिलांना विचारायचं राहिलं.

१. राहतं घर व बँकेतल्या ठेवी पत्नी सौ. सरोज हिला, तिच्या पश्चात मुलगी वैदेही हिला.

२. माझ्या दोन कवितासंग्रहांच्या न खपलेल्या प्रती रद्दीत द्याव्यात. कृपा करून कुणाच्या गळ्यात मारू नयेत.

३. मी बावीस वर्षं काढलेल्या ‘सावित्रीकाठ’ या दिवाळी अंकाच्या सर्व प्रती सहसंपादक मुकुल कर्णिक याला. एका वर्षी माझ्या संपादकीयातल्या अकरा ओळी उडवून त्याने तिथे फरसाणाची जाहिरात घातली. ते मी विसरलेलो नाही. जाहिरात जास्त वाचनीय होती, हेही लिहून ठेवतो.

४. आता ज्यासाठी हा कागद घेतला ते. पोलादपूरजवळच्या आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली निशिगंधा हैबती सकपाळ ही माझी विद्यार्थिनी. २०१९ साली तिने अंकासाठी निबंधांची वही आणून दिली. “सर, तपासून द्या. दुसरी प्रत नाय.” मी लाल पेन घेऊन बसलो आणि टोपण काढलंच नाही. असं मला जन्मात लिहिता आलं नव्हतं. जळफळाट झाला, दुसरा शब्द नाही. “पुढच्या अंकात बघू गं,” म्हणत दोन वर्षं वही दाबून ठेवली.

२०२१च्या जुलैत पाणी घरात शिरलं. सरोज ओरडत होती, “अहो, माझी पेटी उचला आधी!” मी ती वही घेऊन माळ्यावर चढलो. तिची गाण्याची पेटी बुडाली.

पाणी ओसरल्यावर निशिगंधा फावडं घेऊन आली. दरडींनी रस्ता बंद, तरी पायी आली. चार दिवस आमच्या घरातला चिखल काढला. चौथ्या दिवशी तिने विचारलं, “सर, माझी वही?”

“गेली गं पुरात.”

त्या महिन्यात महाडात या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. तिनेही ठेवला आणि पुन्हा फावडं उचललं.

दोन वर्षांनी माझा निबंधसंग्रह आला. त्यातले पाच निबंध तिचे आहेत. त्यांनाच पुरस्कार मिळाला. शाल मी खांद्यावर घेतली, वर भाषणही ठोकलं. शी!

सबब, माझ्या मृत्यूनंतर वही व पुस्तकाचे सर्व हक्क निशिगंधाला द्यावेत आणि हे कलम ‘सावित्रीकाठ’मध्ये छापावं.

५. काल रात्री सरोजने वरील मजकूर वाचला. मग म्हणाली, “माझी पेटी ह्याच्यासाठी बुडवलीत? आणि आता तुम्ही सुटणार, तिच्यासमोर उभं राहायचं मी आणि वैदेहीनं? पोलादपूरला एसट्या काय कमी आहेत?”

म्हणून कलम चारमधले ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द खोडले आहेत. खाडाखोड माझीच.

आज सकाळी गेलो. दारातच सगळं सांगितलं. निशिगंधाने वही घेतली, पानं मोजल्यासारखी चाळली. मी हक्कांचा कागद पुढे केला, तर म्हणाली, “आधी पुस्तकावरचं नाव बदला. मेल्यावर नाय, आता.” मी हो म्हणालो. प्रकाशकाला पत्र आजच टाकलं आहे.

निघताना ती म्हणाली, “तेव्हा खरं सांगितलं असतंत, सर, तरी मी चिखल काढलाच असता.”

 

(सही) शरच्चंद्र गोविंद टिपणीस

त्यांनी आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत.
१. डॉ. ओजस वैद्य, महाड (सही)
२. दीपक रामजी मोरे, शेजारी (सही)

महाड, दि. ९ मार्च २०२५