बादलीला खिडकी

प्रिय बाईसाहेब,

पाकिटावरचं अक्षर बघून तू चष्मा पुसशील, पुन्हा बघशील. माझंच आहे. घरात फोन असताना पत्र कशाला, असंही म्हणशील. फोनवर माझी दोन वाक्यं होतात न होतात तोच तू फोन नातीच्या कानाला लावतेस आणि ती फुरफुर करायला लागते. तिचं माझं चांगलं जमतं, पण तिला बटाट्यांचं काही सांगता येत नाही.

तर आधी गॅलरीतल्या बादल्यांत तू लावलेले बटाटे. जाताना दारात चपला घालता घालता तू बजावलं होतंस, पाणी बेतानं घाला, झाडं वर आली की माती चढवत जा, आणि कृपा करून हात लावू नका. पाण्याचं म्हणशील तर मी मातीत बोट खुपसून ओल बघितल्याशिवाय थेंब घालत नाही. मातीही चढवली. दुकानामागच्या फुटक्या कुंड्यांतली माती चाळून घेतली, त्यात वाळका पाचोळा चुरून घातला, आणि देठ जसजसे उंच झाले तसतशी भर दिली. खालच्या पेंटरच्या रिकाम्या बादल्यांना बुडाशी मी ड्रिलनं भोकं पाडून दिली होती ना, त्यातली एकही तुंबलेली नाही. तांदळाच्या फाटक्या पोत्यातलं झाड तर सगळ्यांत माजलंय. त्याला पांढरी फुलं आली होती. बटाट्याला फूल येतं हे मला या वयात कळलं.

ते कोंब आलेले बटाटे मी कचऱ्यात टाकायला निघालो होतो आणि तू माझ्या हातातून टोपली काढून घेतलीस. फुकटच्या बादल्या, टाकाऊ बटाटे आणि रिकामी मी, झकास जमेल, असं म्हणाली होतीस. मी हसलो होतो. आता दुकानात कुणाचा मिक्सर उघडून बसलो की तुझं ते वाक्य मध्येच आठवतं, आणि त्यातलं शेवटचं काही हसण्यासारखं नव्हतं असं वाटतं.

घराचं म्हणशील तर सगळं ठाकठीक आहे, म्हणजे जरा जास्तच ठाकठीक आहे. सगळे नळ आवळून झाले. स्वयंपाकघरातला जरा जास्त आवळला गेला, तो आता नवा आहे. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. तुझं शिवणयंत्र उघडलं, पुसलं आणि परत जोडलं. एक स्क्रू उरला, पण यंत्र चालतं, तेव्हा तो कंपनीनंच जादा दिला असणार. दुकानात बसलो की वाटतं घरी कुणी आलं असेल, घरी आलो की वाटतं दुकानाचं कुलूप नीट लागलं नसेल. जेवायला बसतो आणि अर्ध्यातून उठून गॅलरीत जातो. पेंटर परवा म्हणाला, अहो, तुमच्या फेऱ्यांनी माझ्या छताचे पोपडे पडतील, मग मलाच रंगवायला लागेल.

आता कबुलीचं. वर सगळं हिरवंगार आणि आत काय चाललंय ते काहीच कळत नाही, हे मला सोसेना. आयुष्यभर मी बंद पडलेली वस्तू उघडून बघत आलोय. पंखा असो, इस्त्री असो, चार स्क्रू काढले की दुखणं समोर येतं. बटाट्याला स्क्रूच नाही. म्हणून दाराजवळच्या पांढऱ्या बादलीला मी बाजूनं एक खिडकी केली. करवतीनं चौकोन कापला, जुन्या मिक्सरच्या भांड्याचं पारदर्शक झाकण कापून तिथं बसवलं, कडेच्या फटी पेंटरकडची लांबी भरून बुजवल्या. काम असं फक्कड झालं की गिऱ्हाईक आलं तरी मी आधी त्याला वर नेऊन बादली दाखवायचो. काचेला टेकलेले दोन बटाटे दिसायचे, लिंबाएवढे. नीट दिसावेत म्हणून एक छोटा दिवाही टांगला. सकाळी बघायचो, दुपारी दुकान अर्धवट ओढून घेऊन बघायचो, संध्याकाळी बघायचो.

मग ते हिरवे पडायला लागले. मला वाटलं, कच्चे आहेत, पिकतील. शेवटी एक काढून उकडला आणि खाल्ला. कडूजहर. त्यानंतर पोटानं जे काही केलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना बादली दाखवली तर त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, बटाटा अंधारात पोसतो, उजेड लागला की विषारी होतो, तुम्ही तर त्याला बल्ब लावून दिलात. वर हेही म्हणाल्या, तुमच्या मिसेस असत्या तर त्यांनी तुम्हाला गॅलरीत पाऊल टाकू दिलं नसतं.

टाकू दिलं असतंस. तेच मनातून जात नाही. तू सकाळी चहाचा कप घेऊन त्या बादल्यांपाशी उभी राहायचीस आणि मी मागोमाग यायचो. काय बघतेस, विचारायचो. काही नाही, म्हणायचीस. मग काय विचार करतेस, विचारायचो. काहीच नाही, म्हणायचीस. तरी मी तिसऱ्यांदा विचारायचो, आणि तू उरलेला चहा बेसिनमध्ये ओतून कामाला लागायचीस. मला वाटायचं, बायकोची विचारपूस करणारा माझ्यासारखा नवरा शोधून सापडणार नाही.

तू लेकीच्या बाळंतपणाला गेलीस तेव्हा म्हणाली होतीस, बाळानं मान धरली की येते. मान धरली. मग म्हणालीस, पालथं पडायला लागलं की येते. ते पडायला लागलं. आता बसतं होईपर्यंत राहते म्हणतेस. हे असंच चाललं तर पोरगी शाळेत जाईल आणि तू तिचा डबा भरून निघशील. मी हे सगळ्यांना गंमत म्हणून सांगतो आणि सगळे हसतात. माझी अन्नावर वासना नाही, हे मात्र कुणाला सांगत नाही.

गेल्या आठवड्यात मी भलत्या वेळी फोन केला होता. तो लेकीनं उचलला आणि बोलून गेली, आई अजून रोपवाटिकेतून आली नाही. मग विषय बदलायला लागली. मी पिळून काढल्यावर तिनं सांगितलं, की तू महिनाभर रोज अर्धा दिवस तिथं जातेस, रोपं पिशव्यांत लावतेस, मालकीणबाई तुला सोडायला तयार नाहीत, आणि येताना तू एकटीच चालत येतेस, लांबच्या रस्त्यानं. आईला बरं वाटतंय बाबा, म्हणाली, तुम्ही एवढ्यात काही विचारू नका. मला राग आला. जावईबापूंना ठाऊक, मालकीणबाईंना ठाऊक, आणि मी इथं बादलीत दिवा लावून बसलोय. राग दोन दिवस टिकला. त्यानंतर जे आलं ते रागापेक्षा वाईट होतं. तू परत येणारच नाहीस, अशी भीती वाटायला लागली.

आता पत्र कशाला, ते. उद्या सकाळच्या गाडीचं तिकीट माझ्या खिशात आहे. पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. तुला न कळवता यायचं, रोपवाटिकेच्या फाटकाआडून तू काय करतेस ते बघायचं आणि मग पुढं होऊन तुला घेऊन यायचं, असा बेत होता. पिशवीची चेन ओढताना समोर ती खिडकीची बादली दिसली आणि मी खाली बसलो. हात कशात तरी गुंतले म्हणजे पाय घराबाहेर पडणार नाहीत, म्हणून लिहायला घेतलं. हे पेटीत टाकायला जाईन तेव्हा तिकीट परत करीन. टाकीजवळची निळी बादली मी अजून उघडलेली नाही. तिची पानं वाळत आली आहेत, म्हणजे तुझ्या हिशोबानं ती आता उलटायला हवी. मी उलटणार नाही. तुला यावंसं वाटेल तेव्हा ये आणि तुझ्या हातानं उलट. यायचं नसेल तर तसं लिही, मग मी उलटीन आणि आत असतील तेवढे बटाटे तुला पाठवून देईन. कधी येतेस, असं विचारत नाही. मास्तरीणबाई म्हणतात, फार दिवस मातीत राहिले तर त्यांना पुन्हा कोंब फुटतात. फुटू देत. मी हात लावत नाही.

तुझाच,
तू ठेवलेल्या नावाचा,
उचकपाचकराव