पाव अधिक पाव

१५ नोव्हेंबर १९८७, रविवार
आमची कांता चौथीत. बाई म्हणतात, अपूर्णांकात कच्ची आहे. अठ्ठावीसला चाचणी. पंचवीसपैकी वीस पडले तरच स्कॉलरशिपच्या जादा तासाला घेणार. पोरगी रडली. म्हटलं, बाबा आहे ना. ट्यूशन कशाला? वागळे इस्टेटला टाइमकीपर आहे मी, आकड्यांतच आयुष्य गेलं. उद्या पहाटे पाचला सुरुवात.

१६ नोव्हेंबर, सकाळी सव्वासात
गजर वाजलाच नाही. संध्याकाळी शिकवलेलं जास्त डोक्यात राहतं.

१७ नोव्हेंबर
पुठ्ठ्याची गोल चकती कापली. चार पाव करायचे होते, पाच तुकडे झाले. पुठ्ठा भिकार. कांता म्हणाली, तुकडे सारखे नाहीत. म्हटलं, तुकडे नको बघू, तत्त्व बघ.

१९ नोव्हेंबर
बेरीज. युक्ती दिली: वरच्यात वरचा मिळवायचा, खालच्यात खालचा. १/४ + १/४ = २/८. दोन मिनिटांत धडा खलास. बायको शेवंती कोळंबी सोलत होती. म्हणाली, आठातले दोन म्हणजे परत पावच की, मग दुसरा पाव मांजरीने नेला काय? ती बाजारात मासळी विकते. तिला समजावलं, बाजारातला हिशेब वेगळा, पुस्तकातला वेगळा. कांता नुसती आमच्याकडे बघत बसली.

२२ नोव्हेंबर, रविवार
शेवंती कांताला बाजारात घेऊन गेली. बोंबलांचे वाटे लावायला बसवलं म्हणे. अख्ख्या दिवसाचा अभ्यास बुडाला. मी घरी तयारीत बसलेलो. मग डोळा लागला.

२६ नोव्हेंबर
शेवंती रोज कोळंबीचे वाटे मांडते, मोडते, परत मांडते. कांता वहीत लिहिते. मी खुर्चीत बसून लक्ष ठेवतो. मार्गदर्शन हवंच.

२८ नोव्हेंबर
चाचणी. निघताना बजावलं, वरच्यात वरचा. मान हलवली. समजूतदार आहे, माझ्यावर गेलीय.

२ डिसेंबर
चोवीस पडले. जादा तासाला घेतलं. कंपनीत पेढे वाटले. सखाराम फिटरची मंजुळापण चौथीत, दुसऱ्या शाळेत, चाचणी व्हायचीय; त्याला माझी पद्धत कागदावर काढून दिली.

३ डिसेंबर
पेपर सहीला आला. चुकलंय एकच, एका मार्काचं. १/४ + १/४ = २/८. विचारलं, एवढी अवघड बरोबर, मग हे सोपं कसं चुकलं? कांता म्हणाली, मुद्दाम केलं. एकही गणित तुमच्या पद्धतीने सोडवलं नसतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. म्हणून सगळ्यात कमी मार्कांचं शोधलं.

सही केली. शेवंती आत कोळंबी सोलत होती.

सखारामकडून तो कागद परत आणायला हवा. मंजुळाची चाचणी उद्याच आहे. पहाटे पाचला उठून जातो.